जागेश्वरनं पुसलेली ओळ

जागेश्वर माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं ऐकून तुमचं मत फिरेल, म्हणून आधीच. सत्तेचाळीस वर्षांचा, अंगानं बारीक, शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर अडकवलेला, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून बघणारा. गोंदियाजवळच्या कुडव्यात त्याचं 'जागेश्वर डिस्प्ले' नावाचं दुकान आहे. लाल दिव्यांची अक्षरं उजवीकडून डावीकडे पळतात ना, तसले चालते बोर्ड तो बनवतो. मेडिकलवाल्यांना, राइस मिलवाल्यांना, लग्नाच्या हॉलला, गणपतीच्या मंडळांना. तयार बोर्ड आणून विकणारे गोंदियात ढिगानं आहेत, पण आतला प्रोग्राम स्वतःच्या हातानं, सी भाषेत लिहिणारा आपण एकटाच, असं त्याचं म्हणणं. 'एकटाच' हा शब्द त्याला फार आवडायचा.

पंचवीस वर्षांपूर्वी नागपूरला सहा महिने एका खोलीत चौघांबरोबर राहून तो सी शिकून आला होता. सुरुवातीला बोर्डावर इंग्रजीच अक्षरं पळायची. कोणाला मराठी नाव हवं असलं, तर जागेश्वर चौकटीच्या वहीत टिंबं मांडून ते नाव चित्रासारखं काढायचा आणि मग बोर्डात भरायचा. एका नावाला अर्धा तास. पण नाव असं देखणं उतरायचं की लोक मोबाइलवर फोटो काढून न्यायचे.

ह्या कामाचं खरं चीज व्हायचं केशोरीला. केशोरी त्याची सासुरवाडी. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, म्हणजे ढोलकीवर नाचत-गात रंगणारा खेळ, रात्री नाटक, आकाशपाळणे, जिलेबीच्या परातीवर माश्या, आणि गावच्या सगळ्या लेकी-जावयांची भरती. गेली अकरा वर्षं केशोरीच्या मंडईत बोर्ड जागेश्वरचा. बोलावलेल्या पाहुण्यांची नावं त्याच्यावरून एकदा सगळी फिरल्याशिवाय दंडारीच्या ढोलकीवर थाप पडायची नाही, अशी रीतच पडून गेली होती. नावं फिरली की अध्यक्ष जागेश्वरला मंचावर बोलावून शेला आणि नारळ द्यायचे. कुडव्यात तो एक दुकानदार. केशोरीत तो 'जवाईबापू बोर्डवाले'. वर्षातला तो एक दिवस तो समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलायचा.

आणि मग रेणू शहाणी निघाली.

रेणू म्हणजे त्याच्या बायकोची, शामकलेची, सगळ्यात धाकटी बहीण. चौदा वर्षांचं अंतर. कॉलेजसाठी तीन वर्षं ती ह्यांच्याच घरी राहिली. सी तिला जागेश्वरनंच शिकवली. पोट्टी तिखट. जेवता जेवता विचारायची, "भाऊजी, हे असं काऊन होते?" आणि जागेश्वर भाताचा घास हातात धरून समजावत बसायचा. त्या दिवसांत तो कोणालाही धरून सांगायचा, "माही साळी पाहा, पोरायच्या पुढं आहे." आता ती तिरोड्याला कारखान्यांसाठी बोर्ड बनवणाऱ्या एकाकडं नोकरी करते, रविवारी स्कूटीनं कुडव्याला येते, आणि जागेश्वर ते वाक्य म्हणत नाही.

बिघडलं ते गणपतीत. दोन वर्षांपूर्वी जागेश्वरनं नवं कार्ड आणलं होतं. त्यात मराठी नाव नुसतं टाइप केलं की बोर्डावर येतं, टिंबं मांडायची कटकट नाही. जागेश्वरनं जुनाच प्रोग्राम त्यात चढवला. छोटी नावं नीट यायची, मोठी कधी कधी तुटायची, पण छोट्या दुकानदारांना 'स्वागत' आणि 'सेल' ह्यापुढं काय लिहायचं असतं? गणपतीत मात्र मंडळाचे अध्यक्ष निघाले दुर्गाप्रसाद. तांदळाचे व्यापारी, कानापर्यंत मिशा. आरतीला शे-दीडशे माणूस उभं, आणि बोर्डावर झळकलं 'दुर्गा', आणि तिच्या मागं एक रिकामा चौकोन.

"क्यों जागेश्वरभाई, मेरे को देवी बना दिया?" दुर्गाप्रसाद म्हणाले. मागून पोट्ट्यांनी माताजीचा जयजयकार केला.

जागेश्वर तारा हलवत बसला. रेणू त्या दिवशी आलेली होती. तिनं त्याचा लॅपटॉप मांडीवर घेतला, दोन मिनिटं पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊजी, तुमी घरं मोजून राहिले. अक्षरं नाही मोजून राहिले."

गोष्ट सोपी होती, म्हणूनच जास्त झोंबली. इंग्रजीचं एक अक्षर कॉम्प्युटरच्या एका घरात मावतं. मराठीचं एक अक्षर तीन घरं खातं. काना वेगळा, उकार वेगळा, पाय मोडल्याची खूण वेगळी, आणि प्रत्येकाला तीन-तीन घरं. जागेश्वर लांबी मोजायचा ती स्ट्रलेन नावाच्या सोयीनं, आणि ते बापडं नुसती घरं मोजतं. नावाला त्यानं वीस घरं ठेवलेली. 'दुर्गा'मध्येच अठरा संपली, पुढच्या 'प'ला दोन उरली, तिसरं तुटलं आणि चौकोन झाला. रेणूनं घरं वाढवली आणि स्ट्रलेनच्या जागी एमबीलेन बसवलं. ते अक्षरापाशी उभं राहतं आणि सांगतं, हे इतक्या घरांचं. तीन म्हणालं की तीन पावलं पुढं, परत विचारायचं. असं पावलापावलानं मोजत गेलं की मधेच कात्री लागत नाही. पंधरा मिनिटांत दुर्गाप्रसाद मिशांसकट बोर्डावर आले.

"वाह बेटी! अगले साल से बोर्ड तूही बना," ते म्हणाले. सगळे हसले. जागेश्वरही हसला, म्हणजे दात दाखवले.

त्या दिवसापासून त्याच्या पोटात दुखायला लागलं ते थांबेचना. मत्सर असा असतो बघा, की माणसाला दुसरं काही सुचू देत नाही. रेणूची स्कूटी फाटकात वाजली की ह्याच्या कपाळावर आठी. रेणूनं चहा केला तर साखर जास्त. रेणूनं मोबाइलवर स्वतःच्या बोर्डाचा फोटो टाकला तर किती जणांनी अंगठा दिला ते हा चोरून मोजायचा. आणि शामकला? ती बिचारी सरळ मनाची.

"रेणू लहानपणापासूनच हुशार," एकदा वाढता वाढता ती म्हणाली.

"तिले शिकवलं कोणं?"

"तुमीच जी."

"मंग?"

"मंग काय? तुमीच शिकवलं म्हणून तं म्हणून राहिली. अजून भात वाढू?"

त्यानं ताट सरकवलं. आपण शिकवलं म्हणून तिला आलं, हे तर हवंच होतं त्याला. आपल्याला येत नाही ते तिला आलं, हे नको होतं. दोन्ही गोष्टी एकाच पोरीत कशा राहू शकतात, हेच त्याला उमगत नव्हतं.

दिवाळीच्या आधी केशोरीहून सासऱ्यांचा फोन आला. उदाराम, म्हणजे शामकला-रेणूचे वडील, फोनवर नेहमी ओरडून बोलतात.

"जवाईबापू, गावचे लोकं म्हणून राहिले का यंदा बोर्ड रेणूचा लावा. आपलीच लेक आहे म्हणते. तुमचं काय म्हणणं?"

जागेश्वरच्या हातातली सोल्डरिंगची गन तशीच राहिली. "काऊन? माह्या बोर्डाले काय झालं, मामाजी?"

"तसं नाही जी. ते गणपतीचं कानावर आलं..."

"माहाच बोर्ड येईन. सगळ्यायचे नावं पूरे येतीन. एक कानामात्रा इकडची तिकडं झाली तं पुढच्या साली मंडईत पाय नाही ठेवत."

असं बोलून तर बसला. पण बेचाळीस पाहुण्यांची नावं, त्यात टिकाराम, ईश्वरदास, दुर्गाप्रसादांचे व्याही, आणि गावच्या बायकांच्या बचत गटाच्या अध्यक्षांचं तीन ओळींचं नाव. केशोरीच्या मोठ्या बोर्डात नवं कार्ड त्यानं यंदाच बसवलं होतं आणि त्याचा प्रोग्राम वेगळा होता. त्यातही एमबीलेन वापरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि ते नीट बसवायचं तर रेणूला विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. विचारण्यापेक्षा त्यानं दुकान विकलं असतं.

विचारावं लागलंच नाही, हे त्याहून वाईट. भाऊबीजेला रेणू आली तेव्हा आपणहून त्याच्या लॅपटॉपमध्ये सगळं बसवून गेली. "भाऊजी, पाहून घ्या. गुरुदक्षिणा समजा," म्हणाली आणि हसली. तिच्या हसण्यात काही नव्हतं. जागेश्वरला मात्र त्यात बरंच काही दिसलं.

ती गेल्यावर त्यानं उघडून पाहिलं. काम चोख. बेचाळीसच्या बेचाळीस नावं त्यानं बोर्डावर फिरवली, एकही तुटलं नाही. प्रोग्राममध्ये चार ठिकाणी टीप होती, कॉम्प्युटर न वाचणारी, फक्त माणसासाठी, आणि टिपेच्याच ओळीत शेवटी नाव, रेणू. ही सवय जागेश्वरचीच. 'ज्यानं ओळ लिहली त्यानं नाव टाकावं, म्हणजे चुकलं तं कोणाले धराचं ते समजते,' असं त्यानंच तिला शिकवलं होतं.

मंडईच्या दिवशी सकाळी पिकअप दारात येऊन हॉर्न मारत होता. बोर्ड गादीत गुंडाळून झाला होता. आणि जागेश्वरच्या मनात आलं, केशोरीत एखाद्या पोट्ट्यानं लॅपटॉप उघडून पाहिलं तर? 'अरे, हा तं रेणूताईनं लिहलेला आहे,' असं कोणी बोललं तर? चोराच्या मनात चांदणं. तो परत आत गेला. कॉम्प्युटरला सांगितलं, 'रेणू' शोध. चार ओळी सापडल्या. त्यानं वाचल्याही नाहीत. ज्या ओळीत ते नाव, ती ओळ उडवली. चारही उडवल्या. प्रोग्राम परत बांधला, कॉम्प्युटरनं एका शब्दानं कुरकुर केली नाही. कार्डात चढवला, लॅपटॉप काखोटीला मारला आणि दाराला कुलूप घातलं. नवेगावच्या बाजूला वळेपर्यंत त्याला असं हलकं वाटत होतं की ड्रायव्हरला त्यानं स्वतःहून चहा पाजला.

केशोरीत मांडव गच्च. दुपारचे दोन. मंचावर पाहुणे ओळीनं बसलेले, गळ्यात हार, घामानं गुलाल कपाळावरून खाली उतरलेला. मंचाच्या कमानीवर बोर्ड. खाली दंडारीची पार्टी घुंगरू बांधून तयार, ढोलकीवाला बोटांनी चामडं तपासत बसलेला. अध्यक्ष शालीकरामांनी माइकवरून सांगितलं, "आता आपल्या जवाईबापूच्या बोर्डावर पाहुण्यायचे नावं पाहा."

जागेश्वरनं बटण दाबलं.

लाल अक्षरं आली. इंग्रजीत. जागेश्वर डिस्प्ले, कुडवा, मागं मोबाइल नंबर. ही त्याच्या दुकानाची ओळ, सगळ्या नावांच्या शेवटी यायची असलेली. ती संपली आणि परत आली, जागेश्वर डिस्प्ले, कुडवा. परत तीच. पाहुणे माना वर करून बघत होते. बेचाळीसपैकी एकही नाव नाही.

त्यानं बंद केलं, चालू केलं. जागेश्वर डिस्प्ले, कुडवा.

"बाप्पा! यंदा जवायाचीच मंडई हाये का वो?" बायकांच्या बाजूनं धुरपतामावशी ओरडली. ती उदारामांची बहीण, तिच्या तोंडाला गावात कोणी कुलूप घालू शकलं नाही. अख्खा मांडव खदखदला.

शालीकराम माइकवर हात ठेवून खाली वाकले. "जवाईबापू, आमी कुठं आहो?"

"येऊन राहिले, येऊन राहिले," जागेश्वर म्हणाला. पाठीवर शर्ट चिकटला होता. तारा ठीक, कार्ड ठीक, काल तर सगळं फिरत होतं! एक पाहुणे उठून चप्पल शोधायला लागले. पहिल्या रांगेत उदाराम बसले होते. ते वर बघत नव्हते. दोन्ही हात काठीवर आणि नजर पायाच्या अंगठ्यावर. म्हाताऱ्यानं भर पंचायतीत आपल्यासाठी शब्द टाकला होता, हे जागेश्वरला त्या मान खाली घालण्यावरून कळलं.

रेणू मांडवाच्या खांबाला टेकून शामकलेजवळ उभी होती. त्याच्याकडेच बघत होती. पण पुढं आली नाही. आपणहून आली असती तर त्याची होती-नव्हती तेवढी अब्रूही गेली असती, हे तिला कळत होतं. आता मेलं तरी तिला बोलावणार नाही, असं त्यानं मनात म्हटलं. आणि मग परत उदारामांकडे पाहिलं.

"रेणू," तो म्हणाला. खाकरून परत म्हणाला, "रेणू, ये वो इकडं."

ती आली. बोर्डामागं, पडद्याच्या आडोशाला उकिडवी बसली. लॅपटॉप उघडला. वरपासून खालपर्यंत सरकवत गेली, मग खालून वर. जागेश्वर तिच्या मागं उभा होता. दुसऱ्यांदा वर आल्यावर तिचं बोट थांबलं, आणि त्याच क्षणी त्यालाही उमगलं.

चार ओळींतल्या तीन नुसत्या टिपा होत्या. चौथी नुसती टीप नव्हती. ती सेटलोकेलची ओळ होती, प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीची. कॉम्प्युटरला ती सांगते, कुठल्या मुलखाच्या लिपीनं चालायचं ते. ती नसली की एमबीलेन आंधळं. कुठलंही मराठी अक्षर दाखवा, ते 'उणे एक' म्हणतं, म्हणजे मला हे ओळखू येत नाही. आणि ओळखू न येणारी ओळ सोडून द्यायची, ही करामत जागेश्वरच्याच जुन्या प्रोग्रामातली. म्हणून मराठीतली सगळी माणसं गळाली आणि इंग्रजीतला एकटा जागेश्वर उरला. रेणूनं त्या ओळीच्या शेवटी लिहिलं होतं, 'भाऊजी, ही ओळ काढू नका.' पुढं तिचं नाव होतं. त्या नावापायीच तर ती गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ह्याला.

रेणूनं ओळ परत टाइप केली. टीप नाही, नाव नाही, नुसती ओळ. मिनिटाभरात ईश्वरदास सरकत आले, मागून टिकाराम, मागून बचत गटाच्या बाई तीन ओळींच्या नावासकट. मांडवात शिट्ट्या वाजल्या. रेणू पडद्याबाहेर जाऊन मोठ्यानं म्हणाली, "काही नाही जी, वायर ढिली झाली होती. भाऊजीलेच सापडली. मी नुसती धरून बसली होती."

बेचाळीस नावं फिरली. उदारामांनी मान वर केली. शालीकरामांनी जागेश्वरला मंचावर ओढलं, शेला घातला, नारळ दिला, "आमचे जवाईबापू म्हणजे काय, हिरा!" टाळ्या झाल्या. खांबाजवळून सगळ्यात जोरात टाळ्या रेणूच वाजवत होती. आणि खरं सांगू? त्या टाळ्यांनी जागेश्वरला तिचा असा संताप आला, असा संताप आला, की हातातला नारळ तिथंच फोडावा. तिनं चारचौघांत नाक कापलं असतं तर त्याला सोसलं असतं. ही चांगलीही आपल्याहून जास्त निघाली, हे कसं सोसायचं?

खाली उतरून तो तडक तिच्याकडे गेला. "काऊन खोटी बोलली?"

"मंग काय सांगू? का भाऊजीनं माहं नाव पुसलं म्हणून बोर्ड बंद पडला?"

शामकला एकदा बहिणीकडे, एकदा नवऱ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"माहं नाव इतकं रुतत होतं तं मले सांगाचं होतं, भाऊजी," रेणू म्हणाली. "मीच काढून देलं असतं. नीट काढलं असतं, बोर्ड चालू ठेवून."

आणि ती जिलेबीच्या दुकानाकडे निघून गेली. शामकला तिच्यामागं गेली.

मंचाखाली ढोलकीवाल्यानं हात उचलला होता. जागेश्वर पायऱ्या चढून वर गेला, शालीकरामांच्या हातून माइक घेतला. "एक मिनट," तो म्हणाला. ढोलकीवाल्याचा हात हवेतच राहिला. "वायर-बियर काही ढिली नव्हती. या बोर्डातलं मराठी सारं रेणूनं लिहलं. उदारामजीच्या रेणूनं. त्यातली एक ओळ मी सकाळी जाणूनबुजून पुसली. म्हणून बंद पडला. मले ते येत नव्हतं. अजूनही पूरं येत नाही."

मग धुरपतामावशीनं "कुठं आहे पोट्टी? वर आणा तिले!" अशी आरोळी ठोकली, आणि जिलेबीच्या दुकानापाशी उभ्या असलेल्या रेणूला चार बायकांनी धरून मंचाकडे लोटलं. ती नको नको म्हणत वर आली, हात जिलेबीच्या पाकानं चिकट. जागेश्वर बाजूला सरकला. शेला मात्र त्यानं खांद्यावरून काढला नाही, तितकं त्याला जमलं नाही.

टाळ्या वाजल्या. मघाशी त्याला वाजल्या होत्या त्यापेक्षा जास्त. त्यानं मोजल्या नाहीत, पण जास्तच होत्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत तोही होता, आणि तेव्हाही त्याच्या पोटात दुखलंच.